आवाज कोणाचा?

लहानपणी शब्दभ्रमाचा प्रयोग पाहायला गेलो की माझा एकच उद्योग असायचा. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव बोलू लागला की सगळे प्रेक्षागृह त्या बाहुल्याच्या तोंडाकडे बघून हसत असे. मी मात्र पाध्यांच्या ओठांवर डोळे लावून बसायचो. ओठ हललेले एकदाही पकडता आले नाहीत. पण आवाज कोणाचा, याविषयी कुणालाच शंका नव्हती. तो माणूस समोर होता, शेवटी टाळ्या त्यालाच मिळत होत्या आणि आपल्याला कोण फसवतो आहे हे ठाऊक असूनही आपण आनंदाने फसत होतो.

अमेरिकेत १९२८ नंतर बोलू लागलेले कार्टूनपट ही एका अर्थी या शब्दभ्रमाचीच पुढची पायरी. बाहुली पडद्यावर राहिली. शब्दभ्रमकार मात्र आधी रंगमंचावरून आणि मग श्रेयनामावलीतूनही नाहीसा झाला. त्या नाहीशा झालेल्या माणसांची यादी करण्याचा माझा विचार नाही. ती कामे जाणकारांनी निष्ठेने केलेली आहेत. मला कुतूहल आहे ते एका प्रश्नाचे : कार्टूनमधला आवाज हा नटाचा अभिनय मानायचा, की चित्राचाच एक भाग? वरवर हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे. पण १९३४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो पैशांचा झाला, आणि कातडीच्या रंगाचाही.

*

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ दाखवला गेला आणि बोलक्या कार्टूनचे युग सुरू झाले, असे साधारणपणे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. मॅक्स फ्लायशर यांनी ली डी फॉरेस्ट यांच्या ‘फोनोफिल्म’ या ध्वनियंत्रणेच्या मदतीने १९२४ पासूनच गाण्यांचे बोलके कार्टूनपट केले होते. शिवाय ‘स्टीमबोट विली’मध्ये बोलणे जवळपास नाहीच. शिट्टी आहे, भोंगे आहेत, भांड्यांचा आणि जनावरांचा गोंगाट आहे, एक पोपट तेवढा दोनचार शब्द बोलतो. मिकी स्पष्ट शब्द उच्चारतो तो पुढच्या वर्षीच्या ‘द कार्निव्हल किड’मध्ये.

तेव्हाचा हा अनुक्रम मला महत्त्वाचा वाटतो. आवाज कार्टूनमध्ये आला तो नटाच्या दारातून आला नाही. तो गोंगाटाच्या दारातून आला. स्टुडिओच्या लेखी माणसाचा कंठ हे घंटा, शिट्टी, पत्र्याचा डबा यांच्या पंक्तीतले आणखी एक साधन होते. साहजिकच ते हाताशी असेल त्याने वाजवावे. मिकीचा किनरा आवाज बराच काळ स्वतः वॉल्ट डिस्ने काढत. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ते काम सोडले तेव्हा ते गेले जिमी मॅकडोनल्ड यांच्याकडे, म्हणजे ध्वनिपरिणाम विभागातल्या माणसाकडे. मिनीचा आवाज १९३०च्या दशकात मार्सेलाइट गार्नर यांचा. त्या डिस्नेकडे शाई आणि रंग भरणाऱ्या मुलींच्या विभागात नोकरीला होत्या. चित्रे रंगवायची आणि हाक आली की उठून जाऊन मिनीचे बोलून यायचे! ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांनी १९२९ मध्ये ‘बॉस्को’ नावाचे पात्र बोलते केले, तेव्हाही आवाज त्यांच्याच सहकाऱ्याचा, कार्मन मॅक्सवेल यांचा होता. बॉस्कोची ती पहिली बोली मिन्स्ट्रेल खेळांतली होती. तोंडाला काजळी फासून गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करायची, हा अमेरिकी रंगभूमीवरचा जुना आणि फार लोकप्रिय प्रकार. कार्टूनमुळे आता काजळीचीही गरज उरली नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

*

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगमंचावर हे चारही एकाच देहात राहतात. नटाला त्यांची वाटणी करता येत नाही. कार्टूनने ती केली. आंगिक अभिनय गेला रेखाटनकाराकडे. आहार्य, म्हणजे वेशभूषा-रंगभूषा, गेला शाई-रंगाच्या विभागाकडे. वाचिक राहिला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. आणि सात्त्विक? भाव मनातून शरीरावर उमटावा असे शरीरच इथे नाही. मग तो येतो कुठून?

याचे उत्तर दोन स्टुडिओंनी दोन तऱ्हांनी दिले. डिस्नेकडे आवाज आधी मुद्रित होई. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी धावते; मुद्रित संवादाचे एकेक अक्षर कितव्या चौकटीत सुरू होते आणि कितव्या चौकटीत संपते, हे तक्त्यावर मांडून तो तक्ता रेखाटनकाराला दिला जाई. तो ते बोलणे पुन्हा पुन्हा ऐके आणि त्याबरहुकूम ओठ, मान, खांदे काढी. म्हणजे नटाने घेतलेला श्वास, शब्दाआधीची अडखळ, हे सगळे चित्रात उतरे. न्यूयॉर्कला फ्लायशर बंधूंकडे नेमके उलट. चित्र आधी पुरे व्हायचे आणि नट पडद्यासमोर उभे राहून त्यावर बोलायचे.

इतिहासकार सहसा असा निवाडा देतात की डिस्नेची पद्धत शास्त्रशुद्ध आणि फ्लायशर यांची ओबडधोबड. मला तो मान्य नाही. आधी ध्वनिमुद्रण केले की आवाज हा आराखडा होतो, आणि आराखडा संहितेबाहेर जाऊ शकत नाही. फ्लायशरकडे आवाज सर्वांत शेवटी येई, त्यामुळे शेवटचा शब्द, अक्षरशः, नटाचा असे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘पॉपाय’.

१९३३ मध्ये पॉपाय पडद्यावर आला तेव्हा त्याचा आवाज विल्यम कॉस्टेलो यांचा होता. १९३५ मध्ये ते काम जॅक मर्सर यांच्याकडे आले. मर्सर फ्लायशरकडेच कामाला होते. मुख्य रेखाटनकार हालचालीची ठळक टोके काढतो, त्यांमधली चित्रे भरण्याचे कष्टाचे काम कनिष्ठांकडे असते. मर्सर ते काम करीत. त्यांनी पॉपायच्या जुन्या घोगऱ्या आवाजाची नक्कल तर केलीच, पण त्यात स्वतःची अशी एक भर घातली : पुटपुटणे. पॉपाय चालता चालता, मार खाता खाता, दार उघडता उघडता स्वतःशीच काहीबाही बडबडत असतो. चित्रात त्याचे ओठ त्यावेळी बहुधा मिटलेले असतात, कारण चित्र काढणाऱ्याला ही बडबड ठाऊकच नव्हती. ती पडद्यासमोर उभ्या असलेल्या मर्सर यांना तिथल्या तिथे सुचलेली आहे.

ओठ मिटलेले आणि आवाज चालू! तांत्रिकदृष्ट्या हा दोष. पण त्या विसंगतीतूनच पॉपायला आतले जग मिळाले. आपल्या वगातला सोंगाड्या राजाच्या समोर उभा राहून मध्येच प्रेक्षकांच्या कानात काहीतरी सोडून देतो. राजाला ते ऐकू येत नाही असे आपण गृहीत धरतो. पॉपायची पुटपुट त्याच जातीची आहे. पडद्यावरचा ठोसा सगळ्या जगासाठी असतो आणि त्याखालची कुरकुर फक्त आपल्यासाठी. मिकीचे ओठ कितीही बिनचूक हलोत, त्याला स्वतःशी बोलताना मी कधी पाहिले नाही. निदान असे नाही की ज्याने तो मला कळला. फ्लायशर स्टुडिओ १९३८ मध्ये फ्लोरिडात मायामीला गेला आणि पुढे संवाद आधी मुद्रित होऊ लागले. ओठ आणि शब्द यांचा मेळ सुधारला. पुटपुट कमी झाली. मला विचाराल तर पॉपायही थोडा कमीच झाला.

सात्त्विक भाव आवाजातूनच येतो याचा दुसरा पुरावा डिस्नेकडेच मिळतो, आणि तो फार गमतीचा आहे. १९३४ च्या ‘द वाइज लिटल हेन’मध्ये डोनाल्ड डक पहिल्यांदा दिसला. त्याचा आवाज क्लॅरेन्स नॅश यांचा, आणि तो अखेरपर्यंत, १९८५ मध्ये ते वारले तोपर्यंत, त्यांचाच राहिला. डोनाल्ड काय बोलतो ते निम्म्या वेळा इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही कळत नाही. नॅश यांनी परक्या भाषांतही डोनाल्डचे बोलणे मुद्रित केले. ती भाषा त्यांना येत नसे, उच्चार फक्त लिहून दिलेले असत. तरी डोनाल्ड कधी चिडला, कधी चिडून हरला, कधी हरूनही पुन्हा आशेला लागला, हे एखाद्या पोरालाही चुकत नाही. शब्द वजा केल्यावर जे उरते ते नॅश यांचे होते. त्याला चित्राचा भाग म्हणणे मला जमत नाही.

*

या काळातले सर्वांत अवघड उदाहरण पॉर्की या डुकराचे आहे. १९३५ मध्ये लिऑन श्लेसिंजर यांच्या स्टुडिओत तो जन्मला. त्यांचे कार्टूनपट वॉर्नर ब्रदर्स वितरित करीत. पॉर्की तोतरा बोले. त्याचा आवाज ज्यो डॉहर्टी यांचा, आणि ते स्वतः खरोखरच तोतरे होते. तोतरेपणा त्यांच्या ताब्यात नव्हता. एखादे वाक्य किती लांबेल ते सांगता येत नसे. ध्वनी तेव्हा महागड्या फितीवर मुद्रित होई, आणि ती वाया जाऊ लागली. १९३७ मध्ये त्यांच्या जागी मेल ब्लँक आले. त्यांनी तोतरेपणाचा अभिनय केला : कोणत्या अक्षरावर अडायचे, किती वेळा अडायचे आणि अडलेला शब्द सोडून त्याऐवजी कोणता सोपा शब्द पकडायचा, सगळे मोजून.

कलेच्या दृष्टीने ब्लँक यांचा पॉर्की निर्विवाद वरचढ आहे. डॉहर्टी यांचा पॉर्की अडतो तेव्हा हसू ओठांवरच राहते. ब्लँक यांचा अडतो तेव्हा आपण पुढच्या शब्दाची वाट बघतो, आणि तो भलताच निघाला की मोकळेपणाने हसतो. विनोदाला लागणारे अंतर त्या नकलेने मिळवून दिले. हे सगळे पटूनही एक गोष्ट टोचत राहते. एका माणसाच्या व्यंगावर पात्र उभे केले, आणि ते चालू लागल्यावर त्या माणसाला दूर करून त्याच्या व्यंगाची सुबक प्रतिकृती घेतली गेली. अस्सल माल खर्चिक पडतो म्हणून नक्कल पत्करली. डॉहर्टी यांचे नाव त्या चित्रपटांवर कधी आले नव्हते, त्यामुळे ते काढून टाकण्याचीही वेळ आली नाही.

नावाचा प्रश्न निघालाच आहे. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत रेखाटनकारांची लांबलचक यादी आहे, पण आवाज देणाऱ्या एकाचेही नाव नाही. स्नो व्हाइट झालेल्या अ‍ॅड्रियाना कॅसेलोटी यांना या कामाचे एकंदर ९७० डॉलर मिळाले, असे नमूद केले जाते. राणी आणि म्हातारी चेटकीण हे दोन्ही आवाज ल्युसिल ला व्हर्न यांचे. त्या रंगभूमीवर उभे आयुष्य काढलेल्या नटी होत्या. एकाच बाईने गर्विष्ठ सौंदर्य आणि जख्ख म्हातारपण अशी दोन टोके नुसत्या आवाजाने उभी केली, आणि प्रेक्षकांनी घरी जाताना तिचे नाव न कळता जावे अशीच योजना होती. यामागे केवळ कंजूषपणा होता असे मी म्हणणार नाही. राजकन्येला दुसरे नाव, दुसरा चेहरा, दुसरी नोकरी आहे हे कळले तर ती राजकन्या राहणार नाही, अशी ती श्रद्धा होती. व्यापाराला सोयीची पडणारी श्रद्धा माणूस जरा अधिक निष्ठेने पाळतो, एवढेच.

पहिली फट पाडली ती ब्लँक यांनीच. त्यांनी श्लेसिंजर यांच्याकडे पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली. मग पैसे नाही तर निदान पडद्यावर नाव द्या, अशी मागणी त्यांनी केली, आणि ती मान्य झाली. १९४४ च्या सुमारापासून त्यांचे नाव स्वतंत्रपणे झळकू लागले. फुकट देता येण्यासारखी वस्तू म्हणून मालकाने नाव दिले. ब्लँक यांना आकाशवाणीच्या कार्यक्रमांत त्या नावाचे दाम मिळू लागले. तिथे ते जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात होते आणि त्यांच्या खटारा मोटारीचा खोकला नुसत्या तोंडाने काढीत. म्हणजे गोंगाटाच्या दारातून आलेल्या कंठाने अखेर गोंगाटालाच हटवले.

पण या विजयाची एक काळी बाजू आहे. नाव लागले ते एकट्या ब्लँक यांचे. बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन फिरणाऱ्या एल्मर फडचा आवाज आर्थर क्यू. ब्रायन यांचा, १९४० पासून ते वारले त्या १९५९ पर्यंत. बग्जची निम्मी गंमत एल्मरच्या भाबड्या ‘र’हीन बोलण्यावर उभी आहे. ब्रायन यांचे नाव त्यावर येत नसे. बी बेनडरेट यांचे नाव नसे, जून फोरे यांचेही बराच काळ नसे. परिणामी ‘हजार आवाजांचा माणूस’ ही ब्लँक यांची कीर्ती त्यांच्या अफाट गुणांवर जशी उभी राहिली तशीच इतरांच्या निनावीपणावरही. १९६१ मध्ये मोटारीच्या भीषण अपघातानंतर ते बेशुद्ध पडून होते. डॉक्टरांनी ‘बग्ज, कसा आहेस?’ असे विचारताच त्यांनी बग्जच्या आवाजात उत्तर दिले, ही कथा सगळ्यांची फार लाडकी आहे. मला ती ऐकताना दर वेळी थोडी भीती वाटते.

*

आता न्यायालयाकडे येतो.

फ्लायशर यांची बेटी बूप १९३० मध्ये ‘डिझी डिशेस’ या कार्टूनपटात प्रथम दिसली. तेव्हा तिला कुत्रीसारखे लोंबते कान होते. पुढे कानांची कर्णफुले झाली आणि ती पुरती बाई बनली. बाळबोध लाडिक आवाज, गाण्यात मध्येच ‘बूप-ऊप-अ-डूप’सारखी निरर्थक अक्षरे, मोठाले डोळे. न्यूयॉर्कमध्ये कुणालाही हे ध्यान ओळखीचे वाटले असते. गायिका हेलन केन १९२८ पासून याच लकबीने गाजत होती. रेखाटनकार ग्रिम नॅटविक यांच्यासमोर तिचेच छायाचित्र होते. आणि बेटीला सर्वाधिक काळ आवाज देणाऱ्या मे क्वेस्टेल यांनी कारकिर्दीची सुरुवातच हेलन केनसारखे दिसण्या-गाण्याची स्पर्धा जिंकून केली होती.

१९३२ मध्ये केनने मॅक्स फ्लायशर आणि पॅरामाउंट कंपनीवर अडीच लाख डॉलरांचा दावा लावला. आपला चेहरा आणि गाण्याची शैली चोरून कंपनीने आपल्याशी गैरस्पर्धा केली, असे तिचे म्हणणे. १९३४ च्या एप्रिल-मेमध्ये न्यायाधीश एडवर्ड मॅकगोल्ड्रिक यांच्यासमोर, ज्यूरीशिवाय, सुनावणी झाली. चित्रफिती दाखवण्यात आल्या. बेटीला वेळोवेळी आवाज दिलेल्या बायका हजर झाल्या : मार्गी हाइन्स, क्वेस्टेल, बॉनी पो, ‘लिटल अ‍ॅन’ लिटल, केट राइट. पडद्यावर कधीही नाव न आलेल्या या पाच जणी प्रथमच एकत्र लोकांसमोर उभ्या राहिल्या त्या साक्षीसाठी, आणि आपण केनची नक्कल करीत नव्हतो हे सांगण्यासाठी!

बचाव पक्षाचा खरा घाव निराळाच होता. ल्यू बोल्टन नावाच्या व्यवस्थापकाने साक्ष दिली की ‘बेबी एस्थर’ या नावाने गाणारी एस्थर जोन्स ही कृष्णवर्णीय मुलगी आपल्या हाताखाली होती, ती गाण्यात अशीच निरर्थक अक्षरे घाली आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या एव्हरग्लेड्स क्लबात केनने तिचा कार्यक्रम पाहिला होता. एस्थरच्या गाण्याची एक जुनी चाचणी-फीत न्यायालयात दाखवण्यात आली. केन हरली. चोरी झाली असे म्हणणारीकडेच वस्तू चोरीची निघाली, तर तिची तक्रार टिकत नाही.

एस्थर स्वतः न्यायालयात आली नाही. ती वादी नव्हती, प्रतिवादी नव्हती, साक्षीदारही नव्हती. तिची फीत तेवढी होती. ती फीत आज उपलब्ध नाही, आणि समाजमाध्यमांवर तिचे म्हणून फिरणारे सुंदर छायाचित्र तिचे नाही, ते अलीकडच्या एका मॉडेलचे आहे.

बेटी ‘मुळात’ कृष्णवर्णीय होती, असे अलीकडे ठासून सांगितले जाते. या दाव्यामागची तळमळ मला समजते, पण दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे. चेहरा केनचाच होता. आणि निरर्थक अक्षरांचे गाणे एस्थरपासूनही सुरू होत नाही. लुई आर्मस्ट्राँग यांची त्या धाटणीची गाजलेली ध्वनिमुद्रिका १९२६ ची आहे, आणि खुद्द एस्थरची जाहिरात ‘छोटी फ्लॉरेन्स मिल्स’ म्हणून, म्हणजे दुसऱ्या एका कृष्णवर्णीय गायिकेच्या नावाने, केली जाई. आवाजाला आजे-पणजे असतात. कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या त्या मोठ्या घराण्यात एकमेकांचे उचलणे हा रोजचा व्यवहार होता.

तेव्हा पहिली कोण, यापेक्षा मला निकालाची रचना अधिक बोलकी वाटते. शैली कुणा एकीची नाही, हा बचाव ज्याने केला त्याच्या हाती बेटीच्या चित्राची मालकी होती. म्हणजे कंठातून येणारे ते सार्वजनिक, आणि कागदावर उमटणारे ते खासगी. एस्थरचे नाव घेतले गेले ते केनचा हक्क मोडण्यापुरते; तो हक्क मग एस्थरकडे जातो का, हे विचारण्याची कुणाला गरजही भासली नाही. केनविषयी मला सहानुभूती आहे, पण तिनेही तो प्रश्न विचारला नव्हता.

या निकालाची सावली ब्लँक यांच्यावरही पडली. वुडी वुडपेकर हे वॉल्टर लँट्झ यांचे पात्र १९४० मध्ये आले तेव्हा त्याचे ते सुप्रसिद्ध खिदळणे ब्लँक यांचे होते. ते काम सोडून गेले, पण मुद्रित हसणे कंपनी वापरत राहिली. १९४८ मध्ये त्यांनी दावा लावला. हसण्याचे स्वामित्व आपण नोंदवलेले नाही, या मुद्द्यावर ते हरले; अपील दाखल झाल्यावर लँट्झ यांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. पुढे वुडीचा आवाज लँट्झ यांच्या पत्नी ग्रेस स्टॅफर्ड यांनी दिला आणि आपले नाव पडद्यावर नको, असे सुरुवातीला त्यांनीच सांगितले. वुडीच्या मागे एक बाई आहे हे कळून मुलांचा विरस होऊ नये, म्हणून.

*

हे सारे वाचताना मला आपल्याकडची एक तबकडी सतत आठवत होती. ‘महल’ या १९४९ च्या चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे मधुबालाने केलेल्या भूमिकेचे नाव. लता मंगेशकरांचा आवाज त्या पात्राच्या मालकीचा ठरला होता. पार्श्वगायनात पुढे ही रीत मोडली. त्यासाठी लताबाईंसारखी भांडण्याची ताकद असलेली कलावती लागली. आता प्रश्न पुन्हा नव्या रूपात दारात आहे. यंत्राने हुबेहूब आवाज बनवण्याविरुद्ध २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने त्यांच्या आवाजाला अंतरिम संरक्षण दिले. १९३४ शी तुलना केली तर हे अंतर फार मोठे आहे. पण ज्यांचा आवाज न्यायाधीशांनाही ओळखू येतो, अशांचे हे खटले आहेत. एस्थर अजूनही क्लबातच गाते आहे.

शेवटी एका बाईविषयी. ‘टॉम अँड जेरी’च्या १९४० ते १९५२ दरम्यानच्या अनेक भागांत एक कृष्णवर्णीय बाई येते. तिचे बहुतेक वेळा फक्त पाय, सपाता आणि झाडू दिसतो. टॉमला ती ‘थॉमस’ अशी पूर्ण नावाने हाक मारते. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा होता. नाव अर्थातच नाही. ते पात्र कृष्णवर्णीय मोलकरणीच्या अपमानकारक ठशातले आहे, आणि त्यावर आक्षेप घेतले गेले ते योग्यच होते. १९६०च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढण्यात आली आणि जून फोरे यांनी आयरिश वळणाचा आवाज दिला. १९९०च्या दशकात दुसरी दुरुस्ती झाली. या वेळी चित्रे मूळचीच ठेवली आणि थिया व्हिडेल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद कमी बोजड बोलीत नव्याने बोलून घेतले.

आपल्याकडे ‘कार्टून नेटवर्क’ १९९५ मध्ये आले आणि हे भाग घराघरांत दिसू लागले. रँडॉल्फ यांचा मूळ आवाज मी पुष्कळ नंतर ऐकला. बोली तीच ठशातली आहे, ऐकताना संकोच होतो. पण त्या ‘थॉमस’मध्ये दटावणी आहे, दिवसभराचा थकवा आहे, आणि हे मांजर आपल्याला पुन्हा बनवणार हे आधीच कळलेल्या बाईचा एक कोरडा विनोद आहे. लेखकांनी आणि चित्रकारांनी तिला पाय आणि झाडू दिला होता. बाकीची बाई रँडॉल्फ यांनी आवाजातून आणली होती, आणि दुसऱ्या दुरुस्तीत पाय राहिले, झाडू राहिला, काढून टाकले गेले ते तेवढेच.